तीन नकाशे आणि एक डोंगर

वऱ्हाडात भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांना तीन नकाशे चांगले ओळखीचे असतात. पहिला खडकांचा, दुसरा मृदांचा आणि तिसरा नैसर्गिक वनस्पतींचा. पहिल्यात आपला सगळा भाग एका रंगात रंगवलेला असतो, कारण खडक बेसॉल्ट. दुसऱ्यात तो काळा असतो, कारण मृदा रेगूर. तिसऱ्यात उत्तरेला सातपुड्याच्या कडेने एक हिरवा पट्टा असतो : पानझडी वने, मुख्य वृक्ष साग. मुले वहीत तिन्ही नकाशे काढतात, रंग भरतात, सूची लिहितात. परीक्षेत त्यांना गुणही मिळतात.

आम्हीही हे नकाशे अनेक वर्षे असेच शिकवले. त्यामुळे या लेखात त्यांच्याविषयी जी तक्रार आहे, ती आधी आमच्या स्वतःच्या शिकवण्याविषयीची आहे.

आमच्यापैकी एकजण अकोट तालुक्यातल्या एका शाळेत नववीला शिकवत होते. धडा मृदांचा. बेसॉल्टची झीज होते आणि त्यापासून काळी मृदा तयार होते, असे फळ्यावर लिहून झाले. मागच्या बाकावर मेळघाटातून उठून खाली वसलेल्या गावातली एक मुलगी बसली होती. तिने विचारले, “सर, वर आमच्या गावात बी हाच गोटा हाय. मंग तिथं अशी माती काहून नाही?”

सरांनी “तो डोंगराळ भाग आहे” असे उत्तर दिले आणि धडा पुढे नेला. हे काही उत्तर नव्हे, हे त्यांना घरी जाताना कळले. मुलीने दोन ठिकाणची जमीन पाहिली होती. तिच्या आईवडिलांनी दोन्ही ठिकाणी नांगर धरला होता. आमच्या नकाशांत मात्र तिच्या प्रश्नाला जागाच नव्हती. असे का व्हावे, हे पाहण्यासाठी आम्ही एकेक नकाशा पुन्हा समोर घेतला.

पहिला नकाशा : एका रंगाचा खडक

मेळघाट म्हणजे सातपुड्याच्या गाविलगड रांगेचा प्रदेश. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि वैराट हे जवळचे शिखर त्याहून थोडे उंच. जवळजवळ सगळा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून बाहेर पडलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. म्हणजे नकाशातला ‘बेसॉल्ट’ हा शब्द बरोबरच आहे.

पण त्या एका रंगात काय झाकले जाते, तेही पाहू. लाव्हा एकदम आला नाही, थरांमागून थर आले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट आणि भेगाळ, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र व लवकर झिजणारा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ पदर असतो. घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो, मऊ भाग सपाटीसारखा मागे सरकतो, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. गाविलगडाच्या किंवा नरनाळ्याच्या किल्ल्याची सहल काढली, तर मुलांना या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. त्या चढाव्याच लागतात.

या पायऱ्यांना महत्त्व का? कारण पाणी वरच्या झिजलेल्या भागातून मुरते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि जोडाच्या जागी झिऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. कोणता झिरा मार्चपर्यंत वाहतो, कोणता दिवाळीलाच आटतो, हे खडकाच्या या रचनेवर बरेचसे ठरते. भरपूर पाऊस पडणाऱ्या डोंगरात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओरड का होते, याचे अर्धे उत्तर इथे आहे. एका रंगाच्या नकाशात मात्र प्रश्नच उभा राहत नाही.

दुसरी गोष्ट. सातपुडा हा गटपर्वत आहे, असे आपण शिकवतो. गटपर्वत म्हणजे दोन बाजूंनी जमीन तुटून खाली गेली आणि मधला ठोकळा उंच राहिला. हे वाक्य मुले पाठ करतात, पण ती तूट कुठे आहे, हे त्यांना कुणी दाखवत नाही. परतवाड्याच्या किंवा अकोटच्या बाजूने उत्तरेकडे पाहिले, तर समोर भिंतीसारखा उभा दिसतो तोच डोंगराचा दक्षिण कडा. या पायथ्याला लागून गाविलगडचा प्रस्तरभंग जातो. उत्तरेकडे डोंगर टप्प्याटप्प्याने उतरत जातो. म्हणून खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या मेळघाटातल्या नद्या तापीकडे जातात, आणि शहानूर, चंद्रभागा या दक्षिणेच्या कड्यावरून उतरून पूर्णेला मिळतात. ज्या मुलांची शाळा पायथ्याशी आहे, त्यांच्या खिडकीतून गटपर्वताची कड दिसते. असे असूनही आपण उदाहरण म्हणून युरोपातल्या ब्लॅक फॉरेस्टचे नाव देतो.

तिसरी गोष्ट. बेसॉल्टच्या खाली काय आहे? मोर्शी तालुक्यात साळबर्डीला आणि अचलपूरच्या उत्तरेला बेलखेडच्या परिसरात लाव्हाच्या आवरणाला जणू खिडक्या पडल्या आहेत. तिथे लाव्हापूर्वीचे गोंडवना आणि लामेटा काळातले गाळाचे खडक उघडे दिसतात. साळबर्डीच्या लामेटा खडकांत डायनोसोरचे जीवाश्म सापडले आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या मुलाला डायनोसोर चित्रपटातून कळावा आणि साळबर्डी फक्त जत्रेपुरती कळावी, ही एकरंगी नकाशाची करामत आहे.

दुसरा नकाशा : ‘बेसॉल्ट, म्हणून काळी’

मृदेच्या नकाशावर आमचा आक्षेप जास्त गंभीर आहे. पहिला नकाशा काही गोष्टी गाळतो. दुसऱ्या नकाशाशेजारी जे वाक्य शिकवले जाते, ते चुकीचे कारण देते. बेसॉल्ट आहे, म्हणून काळी माती आहे, असे ते वाक्य.

हे वाक्य तीन ठिकाणी तपासून पाहू. महाबळेश्वर-पाचगणीला बेसॉल्टच आहे. पण तिथे वर तांबडा जांभा खडक आणि तांबडी माती दिसते. उलट तमिळनाडूत कोइमतूर, कोविलपट्टी या भागांत बेसॉल्ट नसतानाही कापसाची काळी माती आहे. आणि खुद्द मेळघाटात, बेसॉल्टच्याच उतारावर, वीतभर मुरमाड तपकिरी माती आणि तिच्याखाली फुटका खडक. म्हणजे बेसॉल्ट असून काळी माती नाही, बेसॉल्ट नसून आहे. मग कारण केवळ बेसॉल्ट कसे असेल?

मातीचे शास्त्र हे फार पूर्वीच सांगून बसले आहे. रशियात दोकुचाएव यांनी १८८३ साली तिथल्या काळ्या मातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. माती म्हणजे केवळ झिजलेला खडक नव्हे, तर हवामान, सजीव, उंचसखलपणा, मूळ खडक आणि काळ यांनी मिळून घडवलेली वस्तू आहे, हा विचार त्या परंपरेतून पुढे आला. १९४१ साली अमेरिकेत हान्स जेनी यांनी हेच पाच घटक नीट मांडले. त्याआधी, १९३०च्या दशकात, पूर्व आफ्रिकेत मातीचे नकाशे करताना जेफ्री मिल्न यांच्या एक गोष्ट लक्षात आली. टेकडीच्या माथ्यापासून दरीपर्यंत मातीचे प्रकार एका ठरावीक क्रमाने येतात, आणि पुढच्या टेकडीवर तोच क्रम पुन्हा दिसतो. या क्रमाला त्यांनी लॅटिन भाषेतले साखळी या अर्थाचे नाव दिले. एका कडीला दुसरी कडी अडकलेली, म्हणून साखळी.

आता ही साखळी वऱ्हाडात पाहू. वैराटपासून सरळ दक्षिणेला पूर्णा नदीपर्यंत रेघ ओढली, तर ती साधारण पन्नास किलोमीटर भरते. वरचे टोक ११०० मीटरच्या वर, खालचे टोक तीनशे मीटरच्याही खाली. माथ्याच्या सपाट भागात थोडी माती टिकते. तीव्र उतारावर पाऊस बारीक कण धुऊन नेतो, मुरूम मागे राहतो. तिथे खडक रोज झिजतो, पण झिजलेले रोज खाली जाते, म्हणून माती कायम पोरसवदा राहते. पायथ्याला ओढे डोंगरातून बाहेर पडतात, त्यांचा वेग एकदम कमी होतो आणि गोटे, रेती तिथेच पडते. हा पायथ्याचा गोट्यांचा पट्टा पाणी भराभर पितो. पुढे उतार कमी कमी होतो तशी जाड कणांची जागा बारीक चिकणमाती घेते. शेवटी पूर्णेच्या खोऱ्यात खोलच खोल गाळ, आणि त्यावर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी भारी काळी जमीन.

भेगा का पडतात? सौम्य उताराच्या, कमी पाण्याच्या जागी बेसॉल्टमधली खनिजे बदलून माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज बनते. पाणी मिळाले की ते फुगते, वाळले की आकसते. कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून न जाता साठून राहिले, तर ते चांगले तयार होते. महाबळेश्वरच्या धो धो पावसात हे घटक धुतले जातात, म्हणून तिथे गोष्ट वेगळी होते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागते. तिच्या डोंगरातली माती आणि शाळेच्या आवारातली माती या दोन वेगळ्या माती नव्हेत. ज्या डोंगरांनी आपली माती धरून ठेवली नाही, त्यांचीच माती खाली येऊन थांबली आहे. बाई, तुझ्याच डोंगराची माती आहे ही, असे सरांनी म्हणायला हवे होते.

आपल्या शेतकऱ्यांनी हा भेद कधीच पुसला नव्हता. काळी, मोरांडी, खरडी, बरडी, मुरमाड, चोपण असे शब्द त्यांच्याकडे होते आणि आहेत. जुन्या जमीन आकारणीच्या नोंदींतही असे शब्द आले. पाठ्यपुस्तकापर्यंत येताना त्यातला एकच उरला.

तिसरा नकाशा : ‘घनदाट’ हे विशेषण

वनस्पतींच्या नकाशावरचा हिरवा रंग आणि मेळघाटावरच्या लेखांतले ‘घनदाट’ हे विशेषण यांची जोडी ठरलेली आहे. एप्रिलमध्ये सहल नेलेले शिक्षक सांगतील, मुलांची पहिली प्रतिक्रिया असते, “जंगल कुठे आहे?” सागाची पाने गळालेली, जमिनीवर वाळलेल्या पानांचा खच, सालईची फिकट खोडे उन्हात चमकत असलेली. मेळघाटचे जंगल शुष्क पानझडी आहे. पाने गाळणे ही त्याची दुर्दशा नव्हे, पाणी वाचवण्याची रीत आहे. जून-जुलैत तेच जंगल हिरवेगार होते.

मोकळे, कोरडे म्हणून हे जंगल कमी महत्त्वाचे, असेही नाही. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी नामशेष झाला असावा, असे मानले जात होते. तो १९९७ साली शहाद्याच्या परिसरात पुन्हा सापडला, आणि पुढे मेळघाटातही आढळला. त्याला असेच सागाचे विरळ रान मानवते. ‘घनदाट’ हे एकच प्रमाण धरले, तर असे रान आपल्याला ‘खराब झालेले जंगल’ वाटते.

‘मुख्य वृक्ष साग’ हेही खरे, पण अपुरे. झाडांची यादी पाठ करण्याऐवजी झाड कुठे उभे आहे, हे पाहावे. माथ्याजवळच्या उघड्या, खडकाळ, कोरड्या धारेवर सालई आणि धावडा. निचऱ्याच्या, बऱ्यापैकी खोल मातीच्या उतारावर साग, त्याच्या सोबतीला तिवस, तेंदू, मोह, आवळा, बांबू. जरा जड, ओल धरणाऱ्या मातीत ऐन. ओढ्याच्या काठाला अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज. डोंगर उतरून काळ्या जमिनीत आलो, की सागाचे राज्य संपते. त्याला मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. पूर्णेकाठी मग बाभूळबने, हिवर, बोर, हिंगणबेट. म्हणजे मातीची जी साखळी आपण पाहिली, तिच्या प्रत्येक कडीवर वेगळे झाड उभे आहे. मातीचे कागद नसले, तरी झाडे वाचता येतात.

खडकाचा परिणामही असाच दिसतो. मेळघाटात सालवृक्षाचे जंगल नाही. त्याच सातपुड्यात, दीडशेहून अधिक किलोमीटर ईशान्येला, पचमढीच्या वालुकाश्मावर साल आहे, आणि आसपासच्या बेसॉल्टवर पुन्हा साग. पण इथेही घाई करू नये. पचमढीला पाऊसही जास्त पडतो. एका फरकाला एकच कारण चिकटवण्याची चूक आपण मृदेच्या बाबतीत केली, ती झाडांच्या बाबतीत करायला नको.

आणि नकाशाच्या शीर्षकातला ‘नैसर्गिक’ हा शब्द? तोही तपासायला हवा. मेळघाटातले जंगल माणसाच्या हातचे अजिबात नाही, असे कुणाला म्हणता येणार नाही. कोरकूंची फिरती शेती इथे होती. इंग्रजी अमलात जंगल राखीव झाल्यावर ती बंद पाडण्यात आली. सागाच्या लाकडाला मोल असल्याने वनखात्याने पिढ्यान्‌पिढ्या सागाला झुकते माप दिले. गुरे चरली, वणवे लागले. १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झाला, पुढे काही गावे उठली आणि त्यांच्या जुन्या शेतांवर गवताची कुरणे वाढली. आज दिसते ते रान निसर्ग, कोरकू, गवळी, ठेकेदार आणि वनखाते या सर्वांनी मिळून घडवले आहे. निसर्ग म्हणजे जिथे माणूस नाही ते, ही समजूत नकाशातून मुलांच्या मनात जाते. कोरकू मुलाने हा नकाशा पाहिला, तर त्यात त्याचे गाव तर नाहीच, त्याच्या गावाने जंगलाला काय दिले-घेतले, तेही नाही.

तिन्ही नकाशांच्या मधोमध : खारपाण

तिन्ही नकाशांची सर्वांत मोठी परीक्षा डोंगरात होत नाही. ती डोंगराच्या खाली, पूर्णेच्या काठी होते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा वऱ्हाडातल्या कुणाला सांगावा लागत नाही. विहिरीला पाणी लागते, पण ते खारे. पिण्याला चालत नाही, पिकाला सतत दिले तर जमीन बिघडते. दर्यापूरच्या बाजूची कित्येक गावे पिढ्यान्‌पिढ्या हे सोसत आली आहेत.

खडकाच्या नकाशात खारपाण नाही. मृदेच्या नकाशात तिथे तोच काळा रंग आहे, जो उत्तम जमिनीला आहे. वनस्पतींच्या नकाशात तो भाग मोकळा आहे. शेजारी पश्चिमेला समुद्र नाही, मग मीठ आले कुठून? वर्गात हा प्रश्न आला, की “इथे पूर्वी समुद्र होता” असे झटपट उत्तर देण्याचा मोह होतो. त्याची गरज नाही.

साखळी पुन्हा धरू. डोंगरातला बेसॉल्ट झिजताना त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम पाण्यात उतरतात. उतारावर पाणी हे क्षार घेऊन खाली जाते. पूर्णेच्या खोऱ्यात उतार नाममात्र, गाळ खोल आणि माती चिकण, त्यामुळे निचरा मंद. चिखलदऱ्याला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अकोल्याच्या बाजूला तो साधारण आठशे. ऊन मात्र कडक. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यातला कॅल्शियम आधी चुनखडीच्या रूपाने घट्ट होतो. शेत खणताना जे पांढरे खडे निघतात, ते हेच. कॅल्शियम असा बाजूला झाला, की मातीच्या कणांभोवती सोडियमचे प्रमाण वाढते. सोडियमने भारलेली चिकणमाती ओली झाली की विस्कटते, तिची छिद्रे बुजतात आणि निचरा आणखी कमी होतो. निचरा कमी झाला, की क्षार आणखी साठतात. असे हे चक्र आहे.

म्हणजे खारपाण समजायला वरचा खडक हवा, उतार हवा, हवामान हवे, मातीतले खनिज हवे आणि काळ हवा. पाचांपैकी एक वगळला, तरी उत्तर अडते. पायथ्याला पाणी पिणारा गोट्यांचा पट्टा आणि त्याच्या पुढे काही किलोमीटरवर खारे पाणी, ही गोष्ट वेगवेगळ्या कागदांवर वाचताच येत नाही. ती एका रेघेवरच वाचता येते.

हे कप्पे आले कुठून?

हा दोष एखाद्या पुस्तक लिहिणाऱ्याचा नाही. मुळे जुनी आहेत. १९१० साली अकोल्याचे आणि १९११ साली अमरावतीचे इंग्रजी गॅझेटियर निघाले. त्या मालिकेची रचना पाहावी. खडक पहिल्या प्रकरणात, माती शेतीच्या प्रकरणात, जंगल आणखी वेगळ्या जागी. त्या ग्रंथांतली माहिती मोलाची आहे आणि आजही उपयोगी पडते. पण रचना राज्यकारभाराच्या सोयीची आहे. भूगर्भ सर्वेक्षण १८५१ साली सुरू झाले ते मुख्यतः कोळशासारख्या खनिजांच्या शोधासाठी. माती मोजली गेली ती सारा ठरवण्यासाठी. वनखाते १८६४ साली झाले, त्यामागे लाकडाची गरज होती. तीन कामे, तीन खाती, तीन नकाशे. पुढे हे नकाशे कचेरीच्या भिंतीवरून शाळेच्या भिंतीवर आले. खाती वेगळी असायला हरकत नव्हती. डोंगरही तीन वाटून दिल्यासारखा शिकवला गेला, याला हरकत आहे.

याची किंमत काय? २००१ ते २००३ या काळात बोरी, कोहा, कुंड ही गावे मेळघाटातून खाली सपाटीवर आली, आणि पुढेही अनेक आली. पुनर्वसन योग्य की अयोग्य, हा वाद या लेखाचा नाही. पण मुरमाड उतारावर कोदो-कुटकी पेरणारे कुटुंब भारी काळ्या जमिनीत येते, तेव्हा त्याला नवा नांगर, नवा वाफसा, नवी पिके आणि विहिरीच्या पाण्याची नवी चव भेटते. एकराचा हिशेब कागदावर जुळतो, मातीचा तसा जुळत नाही. हे ज्यांना शिकलेल्या भूगोलातून कळायला हवे होते, ती आपलीच मुले. उद्या तीच तलाठी, कृषिसेवक, वनरक्षक, शिक्षक होणार आहेत.

नकाशाच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर. ती ८० सेंटिमीटरच्या भिंतीच्या नकाशात बसवली, तर एका सेंटिमीटरला दहा किलोमीटर येतात. वैराट ते पूर्णा हे सगळे अंतर पाच सेंटिमीटरांत. एवढ्या जागेत साखळी दाखवा, असे नकाशाला सांगणे अन्यायाचे आहे. ते काम शिक्षकाचे आहे.

मग वर्गात काय करावे?

तिन्ही नकाशे काढून टाकू नयेत. त्यांच्याखाली एक चौथा कागद लावावा : वैराट ते पूर्णा असा उभा छेद. लांब कागदावर डोंगराची रूपरेषा काढावी. रेघेच्या खाली खडक, रेघेवर मातीची खोली, त्याच्यावर झाडे, आणि सर्वांत वर गावे, झिरे व विहिरी. उंची थोडी ताणून काढली तरी चालेल, पण तसे लिहून ठेवावे.

हा छेद भरायला पुस्तकापेक्षा मुले जास्त उपयोगी पडतात. मामाच्या गावाहून एक पिशवी माती आणायला सांगावी आणि ती कुठून आणली, माथ्यावरून, उतारावरून की नदीकाठाहून, ते लिहायला लावावे. मग पुढचे साधे प्रयोग करावेत.

एक, बाटलीत एकतृतीयांश माती, बाकी पाणी घालून जोरात हलवावे आणि ठेवून द्यावे. रेती लगेच बसते, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळ ठेवते. प्रत्येक थराची जाडी मोजावी.

दोन, दोन्ही तोंडे कापलेला डबा जमिनीत चार बोटे रोवून त्यात लिटरभर पाणी ओतावे आणि ते मुरायला लागणारा वेळ मोजावा. काळ्या जमिनीत आधी पाणी शिंपून भेगा मिटू द्याव्यात. नाहीतर पाणी भेगांत पळते आणि मुले ‘काळी माती सर्वांत लवकर पाणी पिते’ असा उलटा निष्कर्ष काढतात. तसा काढलाच, तर त्यावर वाद होऊ द्यावा.

तीन, कोरड्या मातीचे एक ढेकूळ ग्लासातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडावे, हलवू नये. चोपण मातीच्या ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरतो. चांगल्या मातीचे ढेकूळ फुटले तरी पाणी बरेचसे स्वच्छ राहते.

चार, शेतातल्या पांढऱ्या खड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब शिक्षकांनी स्वतः टाकावेत. फसफसले, तर ती चुनखडी.

पाच, झाडांची यादी करू नये. एकच झाड निवडून ते कुठे उगवते आणि कुठे उगवत नाही, याची नोंद वर्षभर ठेवावी.

जवळ डोंगर नाही, ही सबब चालणार नाही. अकोल्याच्या शाळेतल्या मुलांना नाल्याची दरड आहे, विहीर खणताना निघालेला ढीग आहे, बाभूळबन आहे. साखळीची एक कडी प्रत्येक गावात असते.

आमच्या सरांनी पुढच्या वर्षी हा छेद वर्गात लावला. ती मुलगी तोवर दहावीत गेली होती. तरीही त्यांनी तिला बोलावून तो दाखवला. तिने आपले जुने गाव कुठे असेल, ते बोटाने दाखवले, मग बोट उतारावरून खाली ओढत शाळेपर्यंत आणले आणि म्हणाली, “म्हंजे आम्ही मातीच्या मागून आलो.”

त्या वाक्यात खडक, माती, पाणी आणि माणूस एका रेघेवर आले होते. तीन नकाशांनी जे काम इतकी वर्षे केले नाही, ते एका प्रश्नाने सुरू केले. असे प्रश्न आपल्याही वर्गात मागच्या बाकावर असतील. धडा पुढे नेण्याची घाई तेवढी आपण करू नये.